सायवनला नेलेली लाल वाइन

चैतीबायचं नाव मी सगळ्यात आधी लिहितो. सायवनच्या पुढे एका पाड्यावर (पाडा म्हणजे आदिवासी वस्ती) ती राहते, आणि तिच्या घरातली एक खोली माझ्या बायकोनं, रेखानं, भाड्यानं घेतली आहे. त्या दिवशी चैतीबाय अंगणात नसती तर मी ताट अर्धं टाकून गुपचूप परत आलो असतो आणि गावाकडच्या तुम्हा लोकांना सांगायलाही माझ्याजवळ काही नसतं. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्या हिंगोलीकडून मी पुण्याला आलो ते तुम्हाला माहीत आहे. तिथं एका मोठ्या हॉटेलात मी ग्रिलवर असतो. माझं काम स्टेक भाजायचं. स्टेक म्हणजे मांसाचा तळहाताएवढा जाड, बिनहाडाचा तुकडा, नुसत्या मीठ-मिरीवर भाजलेला. लोक तो लाल वाइनबरोबर खातात, बहुतेक जोडीनं येतात. लग्नानंतर रेखा पुण्याला आली तेव्हा मी तिला अशा एका टेबलाचा फोटो दाखवला होता. पांढरं कापड, मेणबत्ती, वाइनचे दोन पेले. ती म्हणाली होती, "आपण दोघं कधी असं समोरासमोर बसून जेवलोच नाही हो. एकदा बसवा मला असं."

ते राहून गेलं. मग मुलगी झाली, आणि आठवडाही काढला नाही तिनं. त्यानंतर आमच्या खोलीत आवाज उरला तो फक्त पंख्याचा. रेखानं डहाणू तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम धरलं आणि ती निघून गेली. फोनवर "जेवलात का?" एवढंच बोलायची. वर्ष होत आलं तेव्हा मी ठरवलं, आपण तिकडं जायचं, तिला ते जेवण करून घालायचं आणि बरोबर घेऊन यायचं. ती आली नाही तर पुण्याच्या खोलीत कसं राहायचं, हा विचार मी करतच नव्हतो.

आमच्या मोठ्या शेफना हे कळलं तेव्हा त्यांनी स्वतःहून एक बाटली दिली. म्हणाले, "ही घेऊन जा, डोकं लावू नकोस." मी ती टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली. पण सकाळी डहाणूला गाडी थांबली आणि वरच्या फळीवरून कुणीतरी आपलं गाठोडं ओढलं. माझी पिशवी त्याच्याबरोबर माझ्या अंगावर आली आणि बाटली फुटली. शर्ट, पँट, टॉवेल सगळं लाल.

टोपली घेऊन उतरणारी एक मासळीवाली ओरडली, "अगो बाय, लागलं की याला!"

"रक्त नाही मावशी, वाइन आहे."

तिनं वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "सकाळी सकाळी? बायको नाही का तुला घरी?"

तिनंच मग समुद्राच्या बाजूचा नळ दाखवला. मी शर्ट पिळत उभा होतो आणि समोर काठ्यांच्या मांडवावर बोंबील वाळत होते, ओळीनं, तोंडात तोंड अडकवून. पलीकडे ओहोटीचं पाणी लांबवर गेलेलं. समुद्र मी पहिल्यांदा बघत होतो. पण जीव थाऱ्यावर नव्हता. एवढा मोठा समुद्र बघून मला फक्त इतकंच वाटलं, की आता वाइन आपल्यालाच निवडावी लागणार.

आधी मांस घेतलं. रेखा मोठ्याचं, म्हणजे म्हशी-रेड्याचं, खात नाही, म्हणून बोकडाचं. मटणवाल्यानं मांडी ठोकळ्यावर ठेवली आणि सवयीनं सुरा उचलला.

"थांबा! तुकडे नका करू."

"मग?"

"अख्खी द्या. हाड तेवढं काढा."

"अख्खी मांडी? नवस बोललाय का काय?"

"बायकोला जेवायला घालायचंय."

"वाघीण आहे वाटतं," तो म्हणाला, आणि शेजारचा कोंबडीवाला खो खो हसला. मीही हसलो. दिवसभरात तेवढाच.

मग वाइन शॉप. काउंटरला जाळी, जाळीआड एक वयस्कर शेठ, बोलणं मराठी पण वळण गुजराती. मी म्हणालो, "लाल वाइन द्या."

"कोणती भाई?"

"चांगली."

मागची रांग हसली. शेठ म्हणाला, "कशासाठी पाहिजे ते तर सांग ने. सर्दीसाठी?"

"जेवणाबरोबर. बायकोला घेऊन बसायचंय."

माझ्या मागं बोटीवर जाणारा एक माणूस होता, हातावर जाळ्याच्या दोरीचे वळ. तो म्हणाला, "काय नशीब रे भाऊ तुझं! आमची तर बाटली बघितली की झाडू शोधते."

शेठनं तीन बाटल्या मांडल्या. एक पोर्ट, गोड आणि घट्ट. दुसरी चिकूची, तिकडं घोलवडला चिकूच्या बागाच बागा आहेत, त्या चिकूंची. "ही लाल नाही, पण आपल्या मातीची आहे," शेठ म्हणाला. तिसरी नाशिककडच्या द्राक्षांची, लाल, तुरट. शेफ नेहमी म्हणायचे की स्टेकबरोबर तुरटच पाहिजे, गोड वाइननं मांसाची चव मरते. पण रेखा चहात दोन चमचे साखर घेणारी. मी शेफना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. गोड घेतली तर तिला आवडेल, पण मग ते फोटोतलं जेवण होणार नाही. तुरट घेतली आणि तिला आवडली नाही तर? एका बाटलीवर सगळं लटकल्यासारखं झालं होतं. हसाल तुम्ही, पण मला रडू येत होतं.

"गोड घे रे," बोटीवाला म्हणाला. "पहिल्यांदा पिणारी बाई तुरट थुंकून टाकेल."

"भाई, लाइन वाढते आहे," शेठ म्हणाला.

मी तुरट घेतली. मला फोटोतल्यासारखंच पाहिजे होतं.

डहाणूहून आत जायला इको (पांढरी व्हॅन, माणसं भरल्याशिवाय हलत नाही) मिळाली. बाटली मांडीवर, दोन्ही हातांत धरलेली. गंजाड गेलं तशी नारळाची झाडं संपली आणि रस्त्याकडेला कापलेल्या भाताची सुकी खाचरं लागली. मध्येच उंच ताडाची झाडं, त्यांच्या शेंड्याला बांधलेली मडकी. महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका कधी उजवीकडं दिसायचा, कधी डावीकडं. शेजारच्या म्हाताऱ्यानं बाटलीकडं बघून विचारलं, "लग्नाला चालला का?"

"नाही. बायकोला आणायला."

"मग एक बाटली कमी पडेल," तो म्हणाला आणि डोळे मिटून झोपला.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रेखा सकाळचा स्वयंपाक उरकून आली होती, संध्याकाळी तिला परत शाळेवर जायचं होतं. म्हणजे आमचं मेणबत्तीचं जेवण भर दुपारचं. ती वाळली होती. मला बघून म्हणाली, "शर्टाला काय झालं?" मी सांगितलं. तिला हसू आलं नाही.

चैतीबाय दारात बसून सुपात तांदूळ पाखडत होती. पन्नाशीची असेल, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, बोलणं मोजकं. तिचं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या भिंती, वर शेणामातीचा लेप. टेबल कुठून आणणार? तिनंच अंगणात चिकूचं प्लास्टिकचं क्रेट उपडं घातलं आणि त्यावर धुतलेलं धोतर पसरलं. मी मेणबत्ती लावली. वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली. पुन्हा विझली. "राहू द्या," रेखा म्हणाली.

चुलीवर तवा ठेवून मी मांस भाजलं. हॉटेलात मी आवाजावरून ओळखतो किती झालं ते. इथं जाळ कधी मोठा, कधी धूर. आणि बोकडाची मांडी तशी भाजली की चिवट होते, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. रेखानं एक घास बराच वेळ चावला.

"शिजलंय ना हे?"

"ते असंच असतं."

वाइनचं बूच निघेना. हॉटेलात ते वेटर काढतात, मी कधी हात लावला नव्हता. शेवटी चैतीबायनं पळीचा दांडा घालून बूच आतच ढकललं. स्टीलच्या दोन पेल्यांत मी वाइन ओतली. रेखानं घोट घेतला, तोंड आवळलं. "औषध आहे का हो?"

चैतीबायनं बाटलीचा वास घेतला. "आंबली वाटतं. आमची सकाळची ताडी बरी हिच्यापेक्षा."

तिथं माझं सगळं संपलं. बोटीवाल्याचं ऐकलं असतं तर, असं वाटलं. उठायच्याच तयारीत होतो. चैतीबाय म्हणाली, "थांब रं पोरा. तुम्ही आधी खाली नाय सोडली, म्हणून कडू लागते."

"काय नाही सोडली?"

"धार. गेलेल्यांना द्यायची आधी. ते तहानलेले आणि आपण प्यायचं, असं नाय करत."

तिनं बाटली घेतली, अंगणाच्या जमिनीवर एक बारीक धार सोडली आणि भराभरा नावं घेतली, चार-पाच असतील. मग बाटली माझ्या हातात दिली. मी आजोबांचं नाव घेतलं. मग रेखानं घेतली.

"सई," ती म्हणाली आणि धार सोडली.

मी आठवायला लागलो, हिच्या माहेरची कोण? "सई कोण?"

चैतीबायनं माझ्याकडं बघितलं. "तुझी पोर. कोण म्हणजे?"

दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'रेखाचं बाळ' असं होतं. मला वाटायचं नाव ठेवायला वेळच मिळाला नाही. रेखा खाली मान घालून बोलली, "काचेच्या पेटीत होती तेव्हाच ठेवलं मी. सगळे म्हणायचे, होईल दुसरं. नाव सांगितलं असतं तरी तेच म्हणाले असते. म्हणून नाही सांगितलं."

"मग चैतीबायला?"

"हिनं विचारलं. पहिल्याच सणाला. तुझं कोण आहे गेलेलं, म्हणाली. नवा भात खातानाही हिनं सईचं नाव घेतलं, स्वतःच्या माणसांबरोबर."

मी म्हणालो, "चल ना पुण्याला. तिथं आपण दोघं मिळून घेऊ नाव."

ती पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघत बोलली. "धार कुठं सोडू तिथं? फरशीवर?"

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, मोरीसुद्धा चार बिऱ्हाडांत एक. रेखा धार सोडत राहिली, थोडी थोडी, बाटली जवळजवळ रिकामी होईपर्यंत. माती ती पिऊन टाकत होती. मी एकदा मोठ्यानं म्हणालो, "सई." पुन्हा म्हणालो. रेखानं माझा हात धरला नाही, पण ताटातला तो चिवट तुकडा उचलला आणि पुन्हा चावायला लागली. आम्ही समोरासमोर बसून जेवलो.

शाळेवर जाताना ती म्हणाली, "सणाला या." ते बोलावणं होतं की निरोप, मला अजून कळलेलं नाही.

चैतीबाय रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि इकोवाल्याला बजावलं, "याला तलासरीला हायवेवर उतरव, नवखा आहे." तलासरीला हद्दीअलीकडच्या दारूच्या दुकानांपुढं गुजरातच्या गाड्यांची रांग लागली होती, तिकडं दारूबंदी ना. कुणी हसत होते, कुणी पेट्या मोजत होते. मी पुलाच्या कठड्यावर बसून पुण्याच्या बसची वाट बघितली. एवढ्या लांब येऊन जिला न्यायला आलो ती मागं राहिली. ज्या मुलीचं मला नावही माहीत नव्हतं, तिचं नाव तेवढं माझ्याबरोबर निघालं होतं. आता खोलीत पंख्याच्या आवाजात मी ते घेतो. बरं वाटत नाही. पण घेतो.

चैतीबाय, तू त्या दिवशी धार सोडताना कुणाकुणाची नावं घेतलीस ते मी विचारलंच नाही. माझ्या लेकीला तू तुझ्या माणसांत बसवलंस आणि तुझी माणसं कोण हे मला माहीत नाही. मी येईन. सणाला नाही जमलं तर कधीतरी, पण येईन. तुझ्या माणसांची नावं एकेक करून तुझ्याकडून पाठ करून घेईन, आणि त्यांच्यासाठी पहिली धार मी सोडीन.