बायोडेटातली सायकल

माझ्या लग्नाच्या बायोडेटात 'आवडीनिवडी'पुढे तीन शब्द होते: वाचन, गायन, सायकलिंग. त्यातला तिसरा शब्द माझ्या मावशीचा. मुलाच्या बायोडेटात सायकलिंग आहे म्हटल्यावर तिनं पर्समधून पेन काढलं आणि माझ्याही पुढे लिहून टाकलं. वर म्हणाली, "अगं, लग्नानंतर कोण तुला सायकल चालवून दाखव म्हणतंय?" मी दादरची, चौथ्या मजल्यावर वाढलेली. सायकल ही पेपरवाल्याकडे असते, एवढंच मला माहीत.

दहा वर्षं खरंच कोणी दाखव म्हटलं नाही. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून साउथहॅम्प्टनला आलो, रमलोही. आणि लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्यानं केकशेजारी एक पाकीट ठेवलं. आत फ्रान्समधल्या, नॉर्मंडीतल्या तीन दिवसांच्या सायकल टूरचं बुकिंग! शांत रस्ते, सफरचंदाच्या बागा, जुनी दगडी गावं. आपण सायकलवरून जायचं, सामान व्हॅननं पुढच्या गावी पोचतं.

"तुझी आवड मी विसरलो असं वाटलं होतं ना तुला?" तो म्हणाला. आणि डोळ्यांत पाणी बरं का त्याच्या. अशा वेळी खरं कुठल्या तोंडानं सांगणार? मी "अय्या!" म्हटलं आणि केक कापला.

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. मिरजेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं, आणि तीसही वर्षं साडी नेसून, पदर खोचून, सायकलवरून शाळेत गेल्या. टूरमध्ये त्यांचंही बुकिंग होतं, पण व्हॅनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी. "म्हणजे आईची दमणूक नको," नवरा म्हणाला.

"म्हणजे बॅगांबरोबर," सासूबाई म्हणाल्या आणि मेथी निवडत बसल्या.

नवऱ्यानं दोन नव्या सायकली आणल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. टूरला दीड महिना होता. मी रोज पाच वाजता घरी यायची, तो सातला. 'प्रॅक्टिसला जाते' म्हणून मी सायकल हातात धरून कॉमनवर, म्हणजे आमच्याकडच्या त्या मोठ्या बागेत, चालत जायची, बाकावर अर्धा तास बसायची आणि परत चालत यायची. चौथ्या दिवशी सासूबाई दारातच उभ्या.

"सायकल चालवून आणलीस की नुसती फिरवून?" त्यांनी विचारलं. "कपाळावर घामाचा थेंब नाही तुझ्या."

तीस वर्षं कॉपी पकडलेली बाई. मी पायरीवर बसून मावशीसकट सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता रागावणार. त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

"शिकवते," म्हणाल्या. "पण आधी मला जरा बघू दे ती."

कॉमनवर पोचल्यावर त्यांनी पदर खोचला, एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्यानं तीन उड्या मारल्या आणि बसल्या की! तळ्याला वळसा घालून आल्या तेव्हा गाल लाल झाले होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, माझ्या नणंदेच्या मुलांच्या बारशालाही नाही. उतरल्यावर मात्र त्यांनी हँडल सोडलं नाही.

चार वर्षांपूर्वी त्या मिरजेत चौकात पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं. नवरा इथून धावत गेला, आईची सेवा केली, आणि परत यायच्या आदल्या दिवशी त्यांची सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. "मला शेजारणीकडून कळलं," सासूबाई म्हणाल्या. "हात प्लास्टरमध्ये होता, गं. सायकलला हात लावूनसुद्धा निरोप देता आला नाही." मग तळ्याकडे बघत म्हणाल्या, "मला तिकडे फ्रान्समध्ये एकदाच चालवायची आहे. एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत. बास. मग बसेन मी बॅगांबरोबर."

मी त्या रात्रीच्या जेवणालाच विषय काढला. नवऱ्यानं पोळीचा घास हातातच धरला. "आई पासष्टची आहे! तिकडे उजव्या बाजूनं चालवतात, चढउतार आहेत. पडली तर? अजिबात नाही." सासूबाईंनी त्याला आणखी भाजी वाढली. मला भयंकर राग आला, पण माझीच बाजू लंगडी, जास्त बोलणार काय?

माझं शिक्षण निघायच्या दिवसापर्यंत चाललं. सासूबाई सीट धरून मागे पळायच्या आणि ओरडायच्या, "खाली बघू नकोस! समोर बघ, गधडे!" शेजारून कुत्री फिरवणारे इंग्रज सभ्यपणे दुसरीकडे बघायचे. शेवटी मला सायकल सुरू करता आली, चालवता आली. थांबवणं मात्र काही केल्या जमेना. मी झुडूप बघायची आणि त्यात जायची.

पोर्ट्समथहून दिवसाच्या फेरीबोटीनं फ्रान्सला निघालो. बॅगांमध्ये थालीपिठांचे दोन डबे, चिवडा, मेतकूट, लोणच्याची बरणी. नवऱ्यानं तिघांसाठी एकसारखी पिवळीधमक जाकिटं आणि पिवळी हेल्मेटं घेतली होती. व्हॅनमध्ये बसायला हेल्मेट कशाला, हे सासूबाईंनी विचारलंच.

पहिला दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. दोन्ही बाजूंना हिरवी कुंपणं, गाई, लाकडी चौकटींची वाकलेली घरं, चर्चचे टोकदार कळस. सगळं सुंदर असणार. मला दिसला फक्त पुढचा रस्ता. नवरा पन्नास हात पुढे, नकाशा गळ्यात, आणि मागे एकदाही वळून न बघता अखंड सूचना: "गिअर बदल गं! उतारावर ब्रेक हळू! उजवीकडून, उजवीकडून!" मी सहा वेळा कुंपणात गेले आणि सहाही वेळा त्याला कळलं नाही. संध्याकाळी गावात पोचलो तर चर्चसमोरच्या बाकावर चार बॅगा आणि त्यांच्या शेजारी पिवळं जाकीट घालून सासूबाई. त्या आमच्या सायकलींच्या चाकांना लागलेल्या चिखलाकडे बघत होत्या. ते बघून मी काय ते ठरवलं.

सकाळी नवऱ्याला म्हटलं, "तू हो पुढे. बुटाची नाडी बांधून आलेच." तो निघाला. मागे न बघता. मी हॉटेलच्या कमानीमागे सायकल सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी माझी पँट आणि बूट घातले होते, उजव्या मनगटात एक रबर बँड अडकवला होता, बाजू विसरू नये म्हणून. तीन उड्या मारल्या आणि गेल्या.

व्हॅनचा ड्रायव्हर मोठ्या मिशांचा, माझ्या बाबांच्या वयाचा. त्यानं सगळं पाहिलं आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी थालीपीठ दिलं, त्यानं खाल्लं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

व्हॅन हमरस्त्यानं अर्ध्या तासात पोचली. जुन्या लाकडी छताचा बाजार, समोर कॅफे. मी कॉफी मागवली आणि ती गार झाली. काय करून बसले मी! मनगट तेच, चढ मोठा, ट्रॅक्टर आला तर? पडल्या असत्या तर नवऱ्यानं मला आयुष्यभर माफ केलं नसतं, आणि मीही मला नसतं. एक तास गेला, दीड झाला. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. मी ड्रायव्हरला रस्त्याकडे बोट दाखवून विचारलं, त्यानं चिवडा खात हात हलवला, येतील म्हणून.

आणि आल्या. चढाच्या माथ्यावरून एक पिवळा ठिपका, एकटाच. घंटी वाजवत खाली उतरल्या, माझ्यासमोर अलगद ब्रेक लावून थांबल्या. मी धावत जाऊन त्यांना मिठीच मारली.

"आई! आणि हा कुठाय?"

"चढावर दमला, उतरून मान खाली घालून ढकलतोय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी घंटी वाजवली आणि पुढे आले. तासभर मला 'गिअर बदल गं' सांगत होता. मी बदलत होते."

दहा मिनिटांनी साहेब आले. घामानं निथळत, पण चेहरा अभिमानानं फुललेला. सायकल भिंतीला टेकवत लांबूनच ओरडला, "अगं, काय चढ मारलास तू! मला मागे टाकलंस! तुझ्यात एवढा दम असेल असं वाटलं नव्हतं!"

हे तो मला म्हणाला. मी बॅगांच्या मधोमध बसले होते, मांडीवर थालीपिठाचा डबा. तो थबकला. डब्याकडे बघितलं, माझ्या पायातल्या चपलांकडे बघितलं, आणि मग सायकलचं हँडल धरून उभ्या असलेल्या आईकडे.

"आई! पडली असतीस म्हणजे?"

सासूबाईंनी हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते. "बालवाडीत तुला मागे कॅरिअरवर बसवून न्यायचे मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या पाठीला गाल लावून झोपायचास तू. रोज. तेव्हा नाही रे कधी विचारलंस, आई पडशील का म्हणून."

त्यानं नाक ओढलं, दोनदा. मग बॅगेतून पाना काढला, त्या सायकलपाशी उकिडवा बसला आणि सीट दोन बोटं खाली घेतली. "हिच्या उंचीला लावली होती," तो मान वर न करता म्हणाला. "उद्याचा रस्ता लांबचा आहे. तुझे पाय नीट टेकायला हवेत."

तो स्क्रू घट्ट करत होता तोवर मी मावशीच्या पेनापासून सहा कुंपणांपर्यंत सगळं सांगून टाकलं. मग तो उठला आणि माझ्याकडे वळला. "आणि तू गं? तुझ्या बायोडेटात आणखी काय काय खोटं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी उत्तर दिलं.

"गायन."