मांडीवरचे दोन नारळ

माझं डोहाळजेवण ऑफिसात झालं. तेव्हा मला सातवा महिना सरत आला होता आणि माझी नोकरी जवळजवळ गेलेली होती. त्यातली पहिली गोष्ट मला ठाऊक होती.

आमचं ऑफिस प्रभादेवीला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं. आणि ते आहे दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत! सगळी गल्ली हसते आम्हाला. माझं काम तक्रारींच्या फोनवर. फणसवाडीत कुणी आजी अडकल्या, रे रोडच्या गोदामात मालासकट लिफ्ट मधेच थांबली, की फोन मला. मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं. "काकी, दार ओढू नका हं, माणूस निघालाय. आज जेवायला काय केलंत?" असं. हिला बडबडीचा पगार मिळतो, असं माझी सासू शेजारणींना सांगते आणि ते काही खोटं नाही.

साहेब दादरचे, साठीचे, एकेक शब्द तोलूनमापून बोलणारे. मी लालबागची, फाटक्या तोंडाची. तरी आमचं जमलं. माझे वडील गेले तेव्हा हा माणूस तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायचा. बोलायचा काही नाही, नुसता आईसमोर बसायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. ते मी कशी विसरेन?

मला दिवस गेलेत म्हटल्यावर तर लाडांना ऊत आला. पाठ टेकायची नवी खुर्ची आली. काकू, म्हणजे साहेबांची बायको, नाचणीचे लाडू पाठवायला लागल्या. मी जिना उतरायला लागले की साहेब वरून ओरडायचे, "बाळ, हळू! कठडा धर!" पुढे डोंबिवलीची एक नवी मुलगी आली, माझ्याकडून फोनचं काम शिकायला. माझ्या रजेत कुणीतरी हवंच की. मी तिला जीव लावून शिकवलं.

रजेचं बोलणं मात्र होत नव्हतं. तोवर ऑफिसात मी एकटीच बाई, त्यामुळे माझ्याआधी बाळंतपणाला गेलेलं कुणी नव्हतं. कायदा मला पाठ होता. सव्वीस आठवडे भरपगारी रजा आणि परत आल्यावर नोकरी शाबूत. मेकॅनिक धरून आम्ही दहाच्या बरेच वर, म्हणजे तो आम्हाला लागूही होता. मी केबिनमध्ये जायचे, घसा साफ करायचे. "साहेब, ते रजेचं..."

"अगं, रजेची कसली काळजी करतेस? तू आता फक्त बाळाकडे बघ. लाडू खाल्लास?"

आणि मी लाडू खाऊन बाहेर! अनोळखी माणसांना तासतास धीर देणारी मी, ह्या एका माणसापुढे माझी दातखीळ बसायची. भीड, दुसरं काय? वडिलांच्या तेराव्यापर्यंत येऊन बसलेल्या माणसाला, माझा पगार चालू ठेवणार ना, असं कुठल्या तोंडाने विचारायचं?

सासूला असली भीड नाही. ती मालवणची. भाकऱ्या थापता थापता रोजचा प्रश्न ठरलेला, "गो, सायबाक इचारलंस काय? पगार चालू रवतलो मां?"

"हो म्हणालेत."

"तोंडान म्हणाले, की तुकाच तसा वाटला?"

मी भडकायचे. "आई, तुम्ही ओळखत नाही त्यांना!" भडकायचे, कारण बाण बरोबर लागायचा. नवऱ्याचं काम कंत्राटी, आज आहे तर उद्या नाही. घरभाडं माझ्या पगारातून जायचं. पगार थांबला असता तर बाळाला घेऊन कुठल्या घरात जायचं, हे आम्हा तिघांना ठाऊक नव्हतं.

तर डोहाळजेवण. शनिवारी दुपारी फोन चालू ठेवूनच घाट घातला होता. ग्रीस लागलेल्या हातांनी मेकॅनिकांनी माझ्या खुर्चीला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. दादरहून फुलांचे दागिने आणले होते. हिरवी साडी नेसून मी बसले आणि खरं सांगते, मला रडूच आलं. सासू दोन जिने चढून धापा टाकत आली नि म्हणाली, "लिफ्टच्या कंपनीक लिफ्ट नाय? कर्म माझा!" सगळे खो-खो हसले. काकूंनी ओटी भरली. तांदूळ, खण आणि नारळ माझ्या पदरात आला.

मग साहेब उठले. म्हणाले, "ही मुलगी गेली आठ वर्षं ह्या ऑफिसचा आवाज होती. आज ती आपल्या खऱ्या घरी चालली आहे. तिचा संसार सुखाचा होवो." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात श्रीफळ दिलं.

आमच्या ऑफिसात शाल-श्रीफळ रिटायर होणाऱ्याला देतात. बाकी कुणालाही नाही.

डोंबिवलीची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "ताई, तुमची खुर्ची मी नीट सांभाळीन हं." मी सासूकडे बघितलं. म्हटलं आता ही बोलणार. ती बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली बाई, नेमकी तेव्हा! नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात मेकॅनिक ओरडायला लागले, "नाव घ्या! नाव घ्या!" उखाणा कसला सुचतोय मेला! मी उठले. पदरातला नारळ एका हाताने धरला आणि शालीबरोबरचं श्रीफळ साहेबांपुढे केलं.

"साहेब, हा ओटीचा मी घेते. हा तुम्हीच ठेवा, माझ्या रिटायरमेंटला द्या. मी सव्वीस आठवड्यांनी परत येणार आहे. रजा भरपगारी असते. तसा कायदा आहे."

साहेबांचा चेहरा इतका पडला की मला वाटलं, मर तू, कशाला बोललीस? ते हळूच म्हणाले, "कायदा? माझ्याशी कायदा बोलतेस बाळ? मी परका आहे का?"

"परके असतात तर मी पहिल्याच महिन्यात बोलले असते," मी म्हणाले आणि मग आवाज फुटलाच. "लेकीसारखी म्हणता ना? मग लेकीचं हक्काचं आहे ते तिला द्या ना! लाडू देता, शाल देता, आणि खुर्ची काढून घेता?"

साहेबांनी नारळ घेतला नाही. काकूंनी घेतला. पिशवीत टाकत म्हणाल्या, "हिच्या रिटायरमेंटपर्यंत नासेल हा. मी ह्याची सोलकढी करते, तेव्हा नवीन आणू." मग साहेबांकडे न बघता म्हणाल्या, "मलाही सातव्या महिन्यात बँकेतून अशीच शाल मिळाली होती. मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल."

नेमका तेव्हाच फोन वाजला. गिरगावात दोन मुलं अडकली होती. माझा हात सवयीने पुढे गेला, पण नव्या मुलीने आधीच उचलला होता. "दार ओढू नका रे राजांनो, काका निघालेत. शाळेत आज काय झालं, सांगा बघू?" हुबेहूब माझ्यासारखी! माझ्यावाचून काही म्हणता काही अडणार नव्हतं. मीच तशी सोय करून ठेवली होती. तरी मी शाल काढून घडी घातली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेब केबिनमध्ये गेले. मुलं सुटल्याचा फोन आला तेव्हा बाहेर आले. डोळे लाल होते. म्हणाले, "सव्वीस आठवड्यांनी ना? मग त्या सोमवारी वेळेवर ये. ह्या नव्या मुलीला मी रे रोडच्या नव्या कामांवर घेतो, तिथे माणूस हवंच आहे. आणि शाल ने घरी, बाळाला गुंडाळायला होईल."

सासू मागून म्हणाली, "आता तोंडान म्हणाले."

पगार दर महिन्याला आला. मी त्या सोमवारी वेळेवर गेले. दोन-चार दिवस साहेब माझ्याशी तुटक होते, मग एकदा जिन्यात ओरडले, "बाळ, हळू!" आता काही पोटात नाही हे ते विसरले होते. मी कठडा धरला.

आता माझी लेक बालवाडीत जाते. मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या त्या मुलीचं डोहाळजेवण केलं, त्याच खुर्चीवर. आदल्या दिवसापर्यंत ती माझ्या कानाशी लागलेली, "ताई, केबिनमध्ये कधी जाऊ? कसं बोलू?" मीही तिला वाक्यं पढवत होते. पण ओटी भरायच्या आधी साहेब उठले. शाल नव्हती, श्रीफळ नव्हतं. म्हणाले, "रजा सव्वीस आठवडे, भरपगारी. परत आलीस की हीच जागा. आता ओटी भरा, जेवण गार होतंय."

आणि खाली बसले. पढवलेलं एकही वाक्य तिला बोलावं लागलं नाही.