गुडघ्यावरचं बोट

आमचे हे पाणीखात्यात होते आणि रस्त्याला कान लावून त्यांनी सगळी नोकरी केली. खोटं नाही सांगत. जमिनीखाली नळ फुटला की वरून काही दिसत नाही, पाणी आतल्या आत जिरत राहतं. मग हे एक लोखंडी गज रस्त्यावर टेकवायचे, दुसरं टोक कानाशी धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. जरा वेळाने बुटाच्या टोकाने रेघ ओढून म्हणायचे, "इथे खणा." खात्यात त्यांना सगळे कानसाहेब म्हणत. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मामाने विचारलं, "मुलगा करतो काय?" मी म्हटलं, "ऐकतो." मामा म्हणाला, "मग नशीब काढलंस पोरी, आमच्या घराण्यात कोणी ऐकत नाही."

आणि नेमका तोच कान गेला. निवृत्तीनंतर हळूहळू गेला. आधी दारावरची बेल गेली, मग कुकरची शिटी, मग मी. यांना माझं ऐकू न येणं तसं जुनंच आहे, असं म्हणून मी पहिले काही महिने हसण्यावारी नेलं. पण एकदा मागून मोटार हॉर्न वाजवत आली आणि हे आपले रस्त्याच्या मधोमध चाललेत, तेव्हा मी दंडाला धरून यांना कडेला ओढलं. मुलीने कानातलं यंत्र आणून दिलं. यांनी ते बटणांच्या डब्यात टाकलं. "मला काय धाड भरलीय? हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात!" पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? ज्या माणसाला अख्खं खातं कानसाहेब म्हणत होतं, त्याच्या कानात मी यंत्र कुठल्या तोंडाने घालणार होते?

मग एकेक गोष्ट सुटत गेली. फोन मी घ्यायला लागले. बँकेत मी जायला लागले. मित्रांच्या कट्ट्यावर यांनी जाणं सोडलं, का तर म्हणे "तिथे सगळे एकदम बोलतात." राहता राहिलं एकच, यांच्या विद्यापीठाचं माजी विद्यार्थी मंडळ. महिन्याच्या पहिल्या रविवारी भौतिकशास्त्राच्या जुन्या हॉलमध्ये कोणाचं तरी व्याख्यान, नंतर चहा, बिस्किटं आणि जुन्या प्राध्यापकांच्या नकला. तिथे हे कधी चुकले नाहीत. कारण मला ठाऊक होतं. व्याख्यानात उत्तर द्यावं लागत नाही. नुसतं बसायचं आणि मान डोलवायची. आणि चहाच्या वेळी हे स्वतःच इतकं बोलायचे, की समोरच्याला विचारायला फटच मिळायची नाही.

पण मान डोलवायची तरी ठिकाणावर डोलवायला हवी ना? हॉल हसून गप्प झाल्यावर एकटेच हसणारे गृहस्थ मी पाहिलेत, लोक लगेच एकमेकांकडे बघतात. एकदा वक्त्याने काहीतरी विनोद केला, सगळे हसले, आणि हे गंभीर चेहऱ्याने "खरंय, खरंय" म्हणाले. मी न राहवून यांच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. हे हसले. तिथून ते सुरू झालं. एक बोट म्हणजे हसायचं. सगळा तळवा म्हणजे टाळ्या. बारीक चिमटा म्हणजे विषय दुःखाचा आहे, चेहरा सांभाळा. आम्ही बसून ठरवलं वगैरे काही नाही हं. त्याबद्दल आमच्यात एक अक्षर कधी निघालं नाही. निघालं असतं तर यांना कबूल करावं लागलं असतं, की आपल्याला ऐकू येत नाही.

सगळी वर्षं सुरळीत गेली असं नाही. एकदा एक बाई स्वतःच्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल सांगत होत्या आणि यांच्या गुडघ्यावर माशी बसली. हे मनापासून हसले! मी इतक्या जोरात चिमटा काढला, की हसण्याचं रूपांतर खोकल्यात झालं आणि मागच्या बाईंनी यांना पाणी आणून दिलं. घरी येऊन मी हसून हसून लोळले. हे विचारत होते, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तुमचा खोकला आठवला." मंडळात मात्र यांचं नाव झालं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, यांच्या वर्गातले. ते मला म्हणायचे, "वहिनी, याच्यासारखा श्रोता नाही हो. बोलणाऱ्याला हुरूप येतो याच्याकडे बघून." मी मान खाली घालून बिस्किट खायचे.

आणि यांच्या मनात एकच होतं. आपणही एकदा तिथे बोलावं. जमिनीखालचं पाणी कसं ऐकायचं, यावर यांचं व्याख्यान केव्हाचं तयार होतं. दंतवैद्यांना शंभरदा सांगून झालं होतं, "कधी वक्ता नाही आला, तर मी आहे." वक्ते मेले नेहमी यायचे.

एका शनिवारी दुपारी फोन वाजला. दंतवैद्यच होते. "वहिनी, उद्याचे पाहुणे तापाने पडलेत. आपल्या साहेबांना विचारा, बोलतील का?" 'त्यांना बरं नाही' एवढंच म्हणायचं होतं, काम संपलं असतं. पण हे समोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. हल्ली ते तसेच बघतात, तोंड वाचतात. "कोणाचा? काय म्हणतायत?" मी दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. मग जे हसू आलं यांच्या चेहऱ्यावर, ते मी बऱ्याच वर्षांनी पाहत होते. काय करणार? मी फोनमध्ये म्हटलं, "हो, बोलतील."

सगळी संध्याकाळ हे गॅलरीत येरझारा घालत व्याख्यान म्हणत होते. इतक्या मोठ्याने, की समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मी म्हटलं, "अहो, ओरडू नका! तिथे माईक असतो. हळू बोला." हे शहाण्या मुलासारखं हळू बोलायला शिकले. "आणि प्रश्न विचारले तर?" मी विचारलं. "प्रश्न चहाच्या वेळी, असं सांगून टाकेन," हे म्हणाले. पक्के बेरकी! मग मी बटणांचा डबा उघडला आणि ते यंत्र टेबलावर ठेवलं. यांनी बघितलं आणि त्याच्यावर वर्तमानपत्र टाकलं.

रविवारी मी पहिल्या रांगेत बसले. शेजारची खुर्ची रिकामी. हे वर व्यासपीठावर, मध्ये लांबलचक टेबल आणि पायऱ्या. तोपर्यंत माझ्या डोक्यात हा साधा विचार आलाच नव्हता, की माझा हात तिथपर्यंत पोचणार नाही.

सुरुवात झकास झाली. माईकवाल्याने यांच्या कॉलरला छोटा माईक लावला होता. यांनी मामाचा तो विनोद सांगितला आणि माझ्याकडे पाहिलं. हॉल हसत होता. मी एक बोट वर केलं. हे पण हसले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, जमतंय की.

आणि माईक बंद पडला.

हे बोलतच राहिले. हळू, मी शिकवलं होतं तसं. मला पहिल्या रांगेत ऐकू येत होतं, पण मागे नुसते ओठ हलताना दिसत असणार. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!" मग आणखी दोघे-तिघे ओरडले, "आवाज, आवाज येत नाहीये!" यांनी मागच्या रांगांकडे बघून हात जोडले. यांना वाटलं, दाद देतायत. मी माझ्या गळ्याशी बोट नेऊन कॉलर दाखवली, माईक हो, माईक! यांनी आपली कॉलर नीट केली आणि पुढे बोलायला लागले.

माईकवाला हातातला दुसरा माईक घेऊन वर गेला. यांनी त्याचे आभार मानले, माईक घेतला आणि पंख्याने उडत होते त्या कागदांवर वजन म्हणून ठेवून दिला. आता त्या माईकमधून पंखा आणि कागद यांची फडफड सगळ्या हॉलला ऐकू यायला लागली, फक्त यांचा आवाज नाही. लोक हसायला लागले. दुष्टपणाने नाही, कोणालाही हसू आलं असतं. पण हे तेव्हा खात्यातल्या आपल्या जोडीदाराची गोष्ट सांगत होते. खणताना खड्ड्याची कड ढासळली आणि तो आत गेला. वरून गज लावून यांनी त्याचं आतून ठोकणं ऐकलं होतं, आणि मग ते ठोकणं थांबलेलंही ऐकलं होतं. ही गोष्ट यांनी मला एकदाच सांगितली होती. लोक हसत होते. यांनी ते हसणं पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काय खूण करणार होते? एक बोट? माझे हात मांडीवर तसेच पडून राहिले.

मग लोक उठायला लागले. आधी मागचे, आवाज न करता, वाकून. तेवढा सभ्यपणा सुशिक्षितांना असतोच. चहाच्या टेबलाशी कपांची किणकिण सुरू झाली. दंतवैद्य मला हाताने खुणा करत होते, "वहिनी, तुम्ही सांगा त्याला." मी उठले. चार पायऱ्या चढून जायचं आणि सांगायचं, थांबा, कोणाला ऐकू येत नाहीये. ते हळू सांगून यांना कळलं नसतं. ओरडावं लागलं असतं, सगळ्यांसमोर, कानात तोंड घालून. म्हणजे कोणाला ऐकू येत नाहीये, ते सगळ्या हॉलला कळलं असतं. त्यानंतर हे परत कधी त्या हॉलची पायरी चढले नसते. घरात भिंतीकडे बघत बसले असते. आणि नाही सांगितलं, तर हा माझा माणूस रिकाम्या खुर्च्यांना आपल्या मेलेल्या दोस्ताची गोष्ट सांगत राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मधोमध उभी राहिले आणि परत खाली बसले. याहून जास्त काही मला सुचलं नाही, आजही सुचत नाही.

यांनी शेवटपर्यंत सगळं सांगितलं. एक ओळ गाळली नाही. शेवटी "प्रश्न चहाच्या वेळी विचारा" असंही म्हणाले. पाच-सहा जण उरले होते, त्यातला एक झोपलेला. मी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी दंतवैद्य यांच्या पाठीवर थाप मारून "वा, वा!" म्हणाले आणि माझी नजर चुकवून दुसरीकडे गेले. बाकी कोणी जवळ आलं नाही, आणि हेही त्या दिवशी चहाला काही बोलले नाहीत.

टॅक्सीत हे खिडकीतून बाहेर बघत होते. मी मनातल्या मनात घोकत होते, यांना काही कळलेलं नाही. दिव्यांचा उजेड डोळ्यांवर होता, मागचं कुठून दिसणार? कळलं नसेल. नसेलच.

घरी मुलगी वाट बघत बसली होती. आम्ही दोघं सोफ्यावर टेकलो. तिने यांच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश विचारलं, "बाबा, कसं झालं?"

"फार छान," हे म्हणाले. "हॉल गच्च भरला होता. शेवटपर्यंत एक माणूस जागचा हलला नाही."

आणि माझ्या गुडघ्यावर काहीतरी टेकलं. मी खाली पाहिलं. यांचं बोट होतं. एकच.

म्हणजे सगळं दिसलं होतं. डोळे अजून चांगले आहेत यांचे. खुर्च्या रिकाम्या होताना दिसल्या, मी उठून परत बसले तेही दिसलं, आणि तरी हे बोलत राहिले. मला रडू फुटणार होतं. पण मुलगी समोर होती, आणि हसायला उशीर झाला की लोकांना कळतं.

मी हसले.