दोन्ही बाह्या डाव्या

आमच्या गल्लीच्या टोकाला जो शिंपी बसतो त्याला सगळे थर्ड अंपायर म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, क्रिकेटच्या वेडापायी हे नाव पडलं असेल. वेड आहेच, पण कारण ते नाही. त्याला काहीही विचारा, तो चष्मा कपाळावर चढवतो, भिंतीकडे बघत राहतो, आणि गिऱ्हाईक अवघडून पाय बदलायला लागलं की म्हणतो, "बघू." पँट कधी मिळेल? बघू. एवढ्या कापडात शर्ट बसेल का? बघू. टीव्हीवरचा थर्ड अंपायर निदान शेवटी लाल की हिरवा, काहीतरी दिवा लावतो. हे नाव त्याच्या बायकोने ठेवलं होतं. तिने स्वयंपाकघराला एक खिडकी मागितली होती. ती बिचारी गेली, खिडकी अजून विचाराधीन आहे.

दुकान एका खोलीचं. भिंतीला दोन मशिनं, मधोमध कटिंगचं टेबल, कोपऱ्यात पडदा आणि पडद्यामागे एक आरसा. बाहेर बाक. त्या बाकावर मी असतो आणि निवृत्त बस कंडक्टर असतो. मी फारसा बोलत नाही. कंडक्टरला ते सोयीचं पडतं.

दुकान खरं तर चालवते ती त्याची मुलगी. टीप ती मारते, अस्तर ती लावते, काजं ती करते, इस्त्री तीच करते, आणि कपडे का झाले नाहीत हे गिऱ्हाइकाला सांगायचं कामही तिचंच. फक्त कात्रीला हात लावायचा नाही. "शिवणं हे हाताचं काम आहे, कापणं हे डोक्याचं," असं बाप म्हणतो. मुलगी जुन्या वर्तमानपत्रांवर कापायला शिकली. रद्दीवाल्याला तिने विकलेल्या रद्दीत बाह्यांच्या आणि कॉलरच्या आकाराची भोकं असायची.

तिला शहराबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. कटिंग मास्तर म्हणून. त्याच दिवशी तिने बापाला सांगितलं, "बाबा, मला इथेच राहायचंय. पण टेबल मला द्या. कापणार मी. नाहीतर मी जाते." बापाने चष्मा कपाळावर चढवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कारखान्याने वाट बघितली, आणि अखेर निरोप धाडला, की आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा.

हा 'आज' म्हणजे कसोटी अनिर्णित राहिली त्याचा दुसरा दिवस. त्यामुळे थर्ड अंपायरला मुलीच्या प्रश्नाकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. त्याला संघाची तपासणी करायची होती.

सामना तुम्हीही पाहिला असेल. आपल्याकडे भरपूर आघाडी होती. तरी आपला कर्णधार चौथ्या दिवशी चहापान झालं तरी फलंदाजी करवत राहिला. पाचव्या दिवशी समोरच्यांचे नऊ गडी गेले, आणि मग त्यांचा अकरावा खेळाडू, ज्याला बॅट कोणत्या टोकाने धरायची हे कोणीतरी येताना सांगितलं असावं, तो शेवटपर्यंत उभा राहिला. आपण दोन झेल सोडले. कर्णधाराने नंतर सांगितलं, की या सामन्यातून घेण्यासारखं खूप आहे. झेल मात्र घेतले नव्हते.

"वाचवला म्हण," कंडक्टर म्हणाला. "पहिल्या दिवशी आपली काय अवस्था होती? तिथून हरलो नाही, हे काय कमी आहे?"

"वाचवला?" थर्ड अंपायर टेबलावर कापड अंथरत होता, तो थांबला. "अरे, घालवला! हातातला घालवला! तुझी बस शेवटच्या थांब्याच्या अलीकडे बंद पडली, तर तू प्रवाशांना काय सांगायचास? वाचलात म्हणून?"

"हो, तसंच सांगायचो," कंडक्टर म्हणाला.

टेबलावरचं कापड माझ्या कोटाचं होतं. नातीच्या पदवीदानाला घालण्यासाठी तिनेच निवडून आणलेलं, मोठ्या चौकड्यांचं. मी कापड देऊन इतका काळ लोटला होता, की तिची पदवी आधी होते की माझा कोट, अशी आमच्या घरात थट्टा चालायची. विचारायला मला संकोच वाटे. त्या दिवशी कोट अखेर टेबलावर आला, म्हणून मी मनातल्या मनात त्या कसोटीचे आभार मानत होतो. रागात असला की त्याचे हात चालतात.

"सलामीचा तो," थर्ड अंपायर खडूने रेघ ओढत म्हणाला, "कच्चा टाका आहे. पहिल्या धुण्यात उसवतो. तीन नंबरचा म्हणजे नुसती इस्त्री. दिसायला कडक, बसला की चुरगळला. फिरकीवाला म्हणजे काज न केलेलं बटण. आहे, पण लागत नाही कुठे. आणि कप्तान! काय म्हणावं त्या माणसाला? डाव घोषित करायला याला मुहूर्त लागतो? अजून थोड्या धावा, अजून थोड्या धावा. घाबरट! माणसाने एकदा ठरवायचं आणि सोडून द्यायचं. पुढच्यावर विश्वास टाकायचा. गोलंदाज काय पाणी द्यायला ठेवलेत?"

आत मशीन थांबलं. मुलीने मान वर केली नाही, पण मशीन थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "पाचला कारखान्याचं ऑफिस बंद होतं."

"बघू गं. तू मध्ये बोलू नकोस, विचार तुटतो." कात्री कापडात शिरली. "तर काय सांगत होतो... निर्णयक्षमता! ती रक्तात असावी लागते."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी चपलेकडे बघितलं.

चौकड्यांचं कापड फसवं असतं. एरवी कापडाची दुहेरी घडी घालून एकदम दोन बाह्या कापतात, म्हणजे आपोआप एक उजवी आणि एक डावी निघते. पण चौकड्यांच्या रेघा जुळवायच्या तर कापड एकेरी अंथरावं लागतं. कागदाचा खाका ठेवून एक बाही कापायची, मग तोच खाका उलटा करून दुसरी. थर्ड अंपायरने पहिली बाही कापली ती सलामीच्या फलंदाजावर. दुसरी कापली ती कर्णधारावर. कर्णधाराला शिव्या देताना खाका उलटा करायचं राहून गेलं.

तुकडे जुळवायला मुलगी टेबलाशी आली. तिने एक बाही उचलली, दुसरी उचलली, दोन्ही आपल्या डाव्या खांद्याला लावून बघितल्या. मग त्या शांतपणे खाली ठेवल्या.

"बाबा, कसोटीत एका बाजूचे दोन डाव असतात," ती म्हणाली. "कोटाला दोन डावे चालत नाहीत."

आधी कंडक्टर हसला. मग त्याच्या लक्षात आलं की कोट माझा आहे, आणि तो आणखी हसला.

थर्ड अंपायरने चष्मा कपाळावर चढवला. भिंतीकडे बघितलं. आम्ही वाट बघितली. अखेर तो म्हणाला, "कापड निसरडं होतं."

"खेळपट्टी खराब होती म्हण," कंडक्टर म्हणाला.

"आणि उजेडही कमी आहे इथे."

"अंधूक प्रकाश! घ्या, सामना थांबवा!"

"आणि तुम्ही दोघं सारखे बडबडता." हे मात्र अन्याय्य होतं. मी सकाळपासून एक अक्षर बोललो नव्हतो.

मुलगी हसली नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि ओढणी नीट केली. "बाबा, मी फोन करायला जातेय. हो सांगू का नाही, ते तुम्ही आत्ता सांगा. बघू म्हणालात तर मी ते हो धरणार आहे."

असा चेंडू त्याला आयुष्यात कोणी टाकला नव्हता. बायकोनेही नाही. तो उरलेला कापडाचा तुकडा हाताने सपाट करत राहिला. तुकडा लहान होता. त्यात बाही बसत नाही हे मलासुद्धा दिसत होतं.

"यात बाही बसेल का?" त्याने विचारलं. आणि मी शपथेवर सांगतो, त्या दुकानात हा प्रश्न पहिल्यांदाच गिऱ्हाइकाने न विचारता शिंप्याने विचारला.

मुलीने तुकडा आडवा केला, मग तिरका, चौकड्या बोटाने मोजल्या. "पूर्ण नाही बसत. काखेत जोड द्यावा लागेल. रेघ जुळवीन, दिसणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, कोट घालून हात मात्र वर करायचा नाही. षटकाराची खूण करायला लागलात तर जोड दिसेल."

मी नाही करणार म्हणालो. मी आजवर कुठेच हात वर केलेला नाही.

थर्ड अंपायरने कात्री टेबलावर ठेवली. तिची मूठ मुलीच्या बाजूला होती. ती त्याने मुद्दाम तशी ठेवली, की ठेवताना तशी वळली, यावर कंडक्टरचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

"काप," तो म्हणाला. "पण टेप माझ्याकडे राहील."

"राहू दे," ती म्हणाली, आणि फोन करायला गेली. परत आली ती पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधूनच.

कोट पदवीदानाच्या आधी मिळाला. सांगितलेल्या दिवशी मिळाला, यावर घरात कोणाचा विश्वास बसला नाही. समारंभात नातीचं नाव पुकारलं तेव्हा सगळे हात उंचावून टाळ्या वाजवत होते, मी पोटापाशी वाजवल्या.

थर्ड अंपायर आता बाकावर आमच्या मधोमध बसतो. गळ्यात टेप असते. परवा पुन्हा एक कसोटी सुरू झाली आणि नाणेफेक होते न होते तोच तो आत डोकावून म्हणाला, "अगं, तो गळा जरा खोल होतोय का?"

"बाबा," आतून आवाज आला, "प्रेक्षकांनी मैदानात यायचं नाही."

तो पुन्हा बाकावर टेकला. तो ज्या भिंतीकडे बघत राहायचा, तिला आता एक चौकोनी भोक पाडलेलं आहे. मुलीने खिडकी बसवायला गवंडी बोलावला होता, बापाला विचारलंसुद्धा नाही. उजेड थेट टेबलावर येतो. बघायला भिंत उरली नाही, त्यामुळे हल्ली काही विचारलं की तो आमच्याकडे बघतो.