हौशीरामचा अंगठा आणि पिशवीवाला सिंह

बेल्ह्याच्या बैलबाजारात हौशीराम बैलाच्या तोंडात अंगठा घालायचा आणि वय सांगायचा. शिंगं रंगवून म्हातारा बैल जवान करणारे व्यापारी त्या अंगठ्याला फौजदारापेक्षा जास्त भ्यायचे. स्वतःचं वय मात्र हौशीरामला कधी नक्की सांगता आलं नाही.

२००२ साली निमगाव सावाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. रामनाथ गुरुजींनी पुण्याहून एका नामशेष जनावराच्या कवटीची प्लास्टरची प्रतिकृती मागून आणली होती. कुशाबा व्यापाऱ्याच्या तीन बैलांचं खरं वय हौशीरामने बाजारात उघडं पाडलं होतं. कुशाबा हौशीरामला हाताला धरूनच प्रदर्शनात घेऊन आला.

"गुरुजी, नाव सांगू नका. हौशीराम, हे काय खायचं सांग. चुकलास तर पुन्यांदा माझ्या बैलाला हात लावायचा न्हाई!"

"आन् बरोबर आलं तर?"

"भर बाजारात तुझा शबूद मानीन."

हौशीरामने टोपी मागे सारली. अंगठा आत. "दाढ बघ, अडकित्ताच हाय. मटण खाणारं."

"मग सुळं कुठं गेलं राव? बिबट्याचं बघितलं न्हाईस का कधी?"

खरंच, सुळ्यांच्या जागी नुसत्या कण्या. पुढे दोन लांब दात, सशाला शोभतील असे. अंगठा थांबला.

मग अंगठा पुन्हा पुढून मागे फिरला. "मटणच खायचं. पण वाडवडील पाल्यावरचे. पुढचे दात त्यांचेच ऱ्हायले. सुळं येणार कुठनं? घराण्यातच न्हाईत."

गुरुजींनी हातातला कागद वाचला आणि ते खुर्चीत बसले. ऑस्ट्रेलियातला पिशवीवाला सिंह, कांगारूच्या गोतातला, स्वतः मांसाहारी, पूर्वज शाकाहारी. याच दातांवरून मोठमोठे विद्वान भांडले होते. काहींनी तर बिचाऱ्याला फळांवर ठेवलं होतं!

"दाढ लई झिजलीय," हौशीराम म्हणाला. "उतारवयाचं व्हतं. मरून किती वर्सं झाली?"

"हे जनावर संपूनच चाळीस हजार वर्षं झाली. पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवायचं."

हौशीरामने अंगठा काढला. एरवी तो धोतराला पुसायचा. या वेळी तसाच धरून उभा राहिला. "पोटाला पिशवी, पिशवीत लेकरू," तो पुटपुटला, "आन् मी बैलावानी जबडा धरला." मग त्याने कवटीला हात जोडले. कोणी हसलं नाही. कुशाबासुद्धा.

पुढच्या बाजारी कुशाबाने सगळ्यांदेखत आपल्या बैलाचा जबडा स्वतः उघडला. "बघा, हौशीरामभाऊ. सात वर्सांचा हाय."

हौशीरामने आधी बैलाला हात जोडले. मग अंगठा घातला.

"अकरा वर्सं, कुशाबा. सात नव्हं."

"अकरा," कुशाबा म्हणाला.