संडासाचा नवा कोबा

देवीच्या चोरीची ती केस आठवली, की निवृत्तीनंतर आजही माझा पाय एका जागी ठरत नाही.

तेव्हा मी दौंड तालुक्यात नेमणुकीला होतो. यवतजवळच्या एका गावातून देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. पेटीचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली एकट्या गुरवाकडे असायची. गावाला एवढं पुरलं. यात्रेच्या आत मुखवटा सापडला नाही तर त्याच्या घराण्याकडून पूजा काढून घ्यायची, असं गावकीनं ठरवलं.

गुरव रोज येऊन ठाण्याच्या बाकावर बसायचा. "साहेब, किल्ली माझ्याकडंच हुती, ह्ये खरं हाय. पर देवी म्या न्हाई नेली," एवढंच म्हणायचा. मी ठाणे अंमलदारावर उगाच खेकसत होतो, समोरचा चहा गार होत होता. हा माणूस चोर नाही असं मन सांगत होतं, पण मनाचा पंचनामा होत नाही.

अशात आमच्या खबऱ्याचा फोन आला. त्याच गावचा एक तरुण कारेगावात भाड्यानं राहत होता, कंपनीत टूलरूमला, लोखंडी हत्यारं घडवायच्या कामावर होता. "साहेब, त्यानं संडासाचा कोबा फोडून सोताच्या हातानं नवा केलाय. घरमालकाला पत्ता न्हाई."

मी ताडकन उठलो. भाड्याच्या घरात साधा नळ गळला तरी भाडेकरू मालकाच्या नावानं शंख करतो. याला हा उत्साह कुठून आला?

हद्द शिरूर तालुक्यातली, म्हणून स्टेशन डायरीला नोंद केली, तिथल्या ठाण्याला कळवलं आणि दोन पंच घेऊन खोलीवर गेलो. घरात तो आणि गावाहून आलेली त्याची म्हातारी आई. गडी बोलण्यात पक्का निघाला.

"पाइपाच्या कडंनं पानी झिरपत हुतं साहेब, वास मारायचा. भवतीचा कोबा काढला, पाइप पॅक केला आन् सिमेंट भरलं."

"मालकाला का नाही सांगितलं?"

"सांगून येतंय कोन?"

काम खरंच नीट होतं. पाइपाभोवतीचा कोबा गुळगुळीत, पाण्याचा उतारही बरोबर. फोडला आणि खाली नुसती माती निघाली तर? चोर सावध होणार आणि गुरव कायमचा बुडणार. मी खोलीतून दारात, दारातून खोलीत फेऱ्या मारत राहिलो. शेवटी काही सुचेना म्हणून म्हातारीला म्हणालो, "मावशी, कोबा नवा आहे, पाणी मारा की जरा."

ती तांब्या घेऊन उठली. संडासाच्या दाराशी तिनं पायातल्या चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि अनवाणी आत गेली.

आपल्याकडे चपला देवळाच्या दारात काढतात. संडासात जाताना त्या शोधून घालतात. मी पोराकडे पाहिलं. तो आईच्या पायांकडे पाहत होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

पंचांसमक्ष कोबा फोडला. पाइपाच्या कडेला प्लास्टिकमध्ये, आत हिरव्या खणात गुंडाळलेला मुखवटा निघाला. मग त्यानं सगळं ओकलं. गुरव आंघोळीला गेला असताना साबणावर किल्लीचा ठसा घेतला होता आणि दुसरी किल्ली कंपनीत घासली होती. बोभाटा निवला की मुखवटा विकायचा होता.

पूजा गुरवाच्या घराण्याकडेच राहिली. बातमी कळली तेव्हा तो ठाण्याच्या बाकावर ढसाढसा रडला. त्या केसनं मला एक शिकवलं. जीभ माणसाच्या ताब्यात असते, लहानपणापासून अंगात मुरलेलं वळण नसतं. पुढं प्रत्येक तपासात मी माणसाच्या बोलण्याआधी त्याची वागणूक पाहू लागलो आणि त्याचा मला फार उपयोग झाला. तरीही त्या दिवसाचा मला कधी निखळ आनंद झाला नाही.

कारण पोराला गाडीत बसवताना म्हातारीनं माझी बाही धरली. "साहेब, म्या तुमाला कायबी सांगितलं न्हाई. त्याला तेवढं सांगा. न्हाईतर जल्मभर म्हनंल, आईनंच धरून दिलं."

गाडी हमरस्त्याला लागल्यावर मी त्याला म्हणालो, "तुझ्या आईनं तोंड उघडलं नाही."

"ठावं हाय साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "रोज सांगत हुतो तिला, आये, चपला घालून जात जा."