मोहाच्या झाडाएवढी

नागपूरच्या दवाखान्यात वहिनीची आणि माझी शेवटची भेट झाली, तेव्हा तिने मला दम दिला. आवाज बारीक झाला होता, पण दम लेफ्टनंट कर्नलचाच. "भाऊजी, मी गेल्यावर तुम्ही माह्यावर लिहिल्याशिवाय राहणार नाही, मले माहीत हाये. लिहा. पण खरं लिहा... एखाद्या वेळेस तरी." मी म्हणालो, "वहिनी, सगळंच खरं माह्याच्यानं होत नाही. थोडी सूट द्या." ती हसली. सैन्याला धान्य-डाळ पोचवणाऱ्या शाखेत तिची चौदा वर्षं गेली होती. पोतं इथून निघून बर्फातल्या चौकीवर जाईपर्यंत थोडं सांडतंच, त्याला 'घट' म्हणतात आणि ती मंजूर असते, हे तिनेच मला शिकवलेलं. "बरं," ती म्हणाली, "पोत्यामागं मूठभर घट मंजूर. त्याच्यावर एक दाणा नाही." त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली. आज दीड महिना झाला. आसगावात कोणालाही विचारा, मी बोलू लागलो की लोक आधी अर्धं वजा करतात आणि मग ऐकतात. असा माणूस आज खरं लिहायला बसलाय, तेव्हा वाचणाऱ्यांनी जरा सांभाळून घ्यावं.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांनी आमचं घर मात्र जुळलं. माझा मोठा भाऊ, दादा, पवनी तालुक्यातच शाळेवर मास्तर. वहिनी लाखनीची, नाव संघमित्रा, आणि नोकरी... नोकरी ऐकून आमच्या मायने हातातलं सूप खाली ठेवलं. सून सैन्यात अधिकारी! लग्न त्रिशरण-पंचशील म्हणून साधंच झालं, पण त्याआधीच मी गावभर पेरणी करून ठेवली होती. ती कमरेला पिस्तूल लावून बोहल्यावर बसणार, सासूला सॅल्यूट ठोकणार, सकाळी पाचला सासऱ्यासकट सगळ्यांना पळवणार. लग्नानंतर ती पहिल्यांदा एकटी आसगावला यायची होती, त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर चारशे माणूस जमलं होतं. (चाळीस असेल. घट धरा.) बस थांबली. पाच फुटांपेक्षा बोटभर जास्त उंचीची, चष्मा लावलेली, सुती साडीतली बाई उतरली. मागून कंडक्टरने काळी लोखंडी पेटी उतरवली, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव रंगवलेलं. मी पेटी घ्यायला पुढे झालो तर ती म्हणाली, "राहू द्या भाऊजी, माही सवयीची हाये," आणि पदराची चुंबळ करून पेटी डोक्यावर घेऊन घराकडे चालू लागली. जमलेल्या बायका निराश झाल्या, पण मायचा जीव भांड्यात पडला. "हे तं आपल्यासारखीच हाये!" ती म्हणाली.

यशू झाली आणि दीड वर्षाची असताना वहिनीची बदली थेट बर्फात झाली. तिथे लेकरू नेता येत नव्हतं. दादाची शाळा, म्हणून यशूला सांभाळायला माय आणि मी. माझं लग्न व्हायचं होतं, शेती होती आणि तोंड होतं. पोरगी जेवायचीच नाही. घास घेतला की गालात धरून बसायची. म्हणून मी सुरू केलं... तुही आई शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, त्या मोहाच्या झाडाएवढी हाये. ट्रक बगलेत मारून डोंगर चढते. ढग बाजूला सारून पाहते की यशू जेवली का नाही. पोरगी घास गिळायची. "मंग फोटोत बारकी काहून?" असं तिने एकदा विचारलं, तर मी म्हणालो, भिंतीवर मावत नव्हती म्हणून लहान करून लावली. "फोनवर आवाज बारीक काहून?" लांबून येते म्हणून. माझ्याकडे सगळ्याचं उत्तर होतं. मधे एकदा वहिनीला दहा दिवसांची रजा मिळाली, पण तेव्हा पोरगी दोन वर्षांची, तिला काय आठवणार! मी मोहाच्या झाडाला दर महिन्याला नवी फांदी फोडत राहिलो.

यशू चार वर्षांची असताना, आषाढात, वहिनी वीस दिवसांच्या रजेवर आली. तोवर ती कॅप्टन झाली होती. यशूला सकाळपासून नवा फ्रॉक घालून दारात उभं केलेलं. वहिनी अंगणात आली, पेटी खाली ठेवली, दोन्ही हात पसरले. पोरीने तिच्याकडे पाहिलं. मग दूर धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे. "हे नाही," ती म्हणाली, "माही आई मोठी हाये." आणि मायच्या लुगड्याआड गेली. वहिनी हळूच त्या पेटीवर बसली. तिथूनच मला म्हणाली, "भाऊजी, काय सांगून ठेवलं पोरीले?" मी सांगितलं. सांगत सांगत ट्रकापर्यंत आलो तेव्हा ती हसली, अगदी मोठ्याने हसली, आणि मग विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आली. पुन्हा गेली. तीनदा तोंड धुतलं त्या बाईने. मी आयुष्यात हजार थापा मारल्या असतील, पण एखादी परत घ्यावी असं त्याच दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्यात भर म्हणजे कोण्या जवानाचा फोन आला आणि पोरीने ऐकलं की हिला 'मॅडम' म्हणतात. झालं! "मॅडमले चहा पायजे." "मॅडमनं माही वेणी घातली, दुखली." वीसमधले बारा दिवस असे गेले. वहिनी रागावली नाही, खेळणी-मिठाईची लाच दिली नाही, 'आई म्हण' म्हणून एकदाही म्हणाली नाही. दादाला मात्र एवढं बोलली की पोरगी आई न म्हणता राहिली तर या रजेनंतर राजीनामा देते. ते मी ओसरीवरून ऐकलं. चौकीवरच्या कड्यांना न भ्यायलेली बाई स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून सांगत होती, आणि तिची नोकरी माझ्या एका थापेवर लटकली होती.

तेराव्या दिवशी आमच्या बांधीत रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली. बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा चौकोन, चारी बाजूंनी धुरे. वहिनी साडी खोचून बायांच्या रांगेत उतरली. लाखनीची पोर ती, हात विसरला नव्हता. मी धुऱ्यावर यशूला मांडीवर घेऊन बसलो. रोवणी करणारी बाई मागे मागे सरकते, तुम्हाला माहीतच आहे. पोरगी म्हणाली, "काका, मॅडम उलटी काहून चालून राहिली?" वहिनीने वाकल्या वाकल्याच उत्तर दिलं, "पुढं चाललो तर लावलेल्या रोपावर आपलाच पाय पडते न बेटा." मग मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मला पोचलं.

मी यशूला म्हणालो, "पोरी, मी खोटं सांगतलं होतं." असं वाक्य माझ्या तोंडून निघाल्याचं ऐकून रांगेतल्या बायांचे हात थांबले. "तुही आई ट्रक उचलत नाही. ट्रकात तांदूळ भरून पाठवते. रस्ता संपला की खेचरांवर चढवते. वर बर्फात सोजीर बसून असतात, त्यायले तिथं काहीच मिळत नाही. मॅडमचा तांदूळ आला तं ते जेवतात." यशूने विचार केला. जेवण हा तिचा हाडवैरी विषय. "आणि नाही आला तं?" मी म्हणालो, "येतेच." "रोज?" "बर्फ पडला तरी."

पोरगी मांडीवरून उतरली. धुऱ्यावर पऱ्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या रचून ठेवल्या होत्या. तिने एक दोन्ही हातांनी उचलली, चिखलात गुडघाभर रुतत वहिनीपर्यंत गेली आणि पुढे केली. वहिनीने जुडी घेतली. "शाबास," एवढंच म्हणाली, "रसद आली." पोरगी परत फिरली, दुसरी आणली. मग तिसरी. दुपारभर तिचं हेच चाललं. फ्रॉक ओळखू येईना, दोनदा पडली, एकदा रडली, पण जुडी सोडली नाही. आणि धुऱ्यावरचा ढीग संपला तेव्हा पोरीने रिकामे हात वर करून हाक मारली, "आई... संपले!"

मला इथे लिहायचं होतं की वहिनीच्या डोळ्यांतलं पाणी पडून बांधी भरली. पण खरं सांगतो. तिचा हात पाण्यात थांबला. दोन रोपं लावावीत एवढा वेळ. मग तिने पुढचं रोप लावलं आणि न पाहताच म्हणाली, "त्या बांधीतून घेऊन ये." रजा संपल्यावर ती गेली, आणि राजीनाम्याचं पुन्हा कोणी काढलं नाही. थांब्यावर यशू कंडक्टरला सांगत होती, "माह्या आईले लवकर न्या, सोजीर उपाशी हायेत."

चौदा वर्षं नोकरी करून ती परत आली आणि दादासोबत भंडाऱ्याला राहू लागली. एका पावसाळ्यात वैनगंगेचं पाणी गावोगाव शिरलं, तेव्हा ती आसगावच्या शाळेच्या ओसरीत पूरग्रस्तांना जेवू घालत तीन दिवस उभी होती. मला डाळीवर नेमलं होतं. "भाऊजी, किती उरली?" "पोतं." "खरं?" "...अर्धं." त्या अर्ध्यात तिने सगळ्यांना पुरवलं, कसं ते मला अजून उमगलेलं नाही. तिच्या पुण्यानुमोदनाला साताऱ्याकडचा एक निवृत्त हवालदार न बोलावता आला. फोटोपुढे सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम होत्या तोवर आमची चौकी एक दिवस उपाशी राहिली नाही." मी काही जोडायला तोंड उघडलं... आणि मिटलं. त्यात जोडण्याजोगं काही नव्हतंच.

ती काळी पेटी आमच्या आसगावच्या घरात आहे. नोकरी सोडल्यावर वहिनीनेच सांगितलं होतं की हिच्यात बियाण्याचं धान ठेवा, उंदीर शिरत नाही. यंदाचे परे त्याच पेटीतल्या बियाण्याचे. मागच्या आठवड्यात यशू रोवणीला आली होती. आता नोकरी करते, उंची आईएवढीच, बोटभर जास्त. काम आटोपून, पाय धुऊन ती त्या पेटीवर बसली, वहिनी त्या दिवशी बसली होती तशीच. म्हणाली, "काका, आता खरं सांगा. आई केवढी होती?"

मी दारातून धुऱ्याकडे पाहिलं. "त्या मोहाच्या झाडाएवढी," मी म्हणालो.

"घट?"

"नाही बेटा. याच्यात घट नाही."